अळंब्यांचीं भजीं

संध्याकाळीं साडेसहाच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या पूर्वेस उतरून फडके रस्त्याकडे चालूं लागलें म्हणजे तळणाचा वास माणसास पुढें जाऊं देत नाहीं. वडे आणि भजीं ही तर आमच्या या गांवांतील जुनी मंडळी. परंतु गेल्या कांहीं वर्षांत त्यांच्या पंक्तीस एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. ठाण्यास जा, कल्याणास जा, खाद्यगृहांच्या पाटीवर 'क्रिस्पी मशरूम' हीं अक्षरें बहुधा आढळतातच. आणि जें बाहेर खपतें तें चार दिवसांनीं घरांत शिरतें, हा नियम आमच्या घरानेंही मोडलेला नाहीं.

या पदार्थाविषयीं लिहावेंसें वाटलें तें त्याच्या चवीसाठीं नव्हे. चव उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाहीं. अळंब्यांत ग्लुटामेट नांवाचें द्रव्य मुळांतच असतें; त्यामुळें तीं तापलीं म्हणजे त्यांस अशी कांहीं भरीव रुचि येते कीं, कांदा-लसूण न घालतांही माणूस दुसरें भजें उचलतो. आमचें म्हणणें आहे तें त्याच्या पौष्टिकपणाबद्दल. "खा हो, प्रथिनें आहेत त्यांत," असें म्हणत ही बशी हल्लीं ज्या विश्वासानें पुढें केली जाते, तो विश्वास तपासून पाहण्याची पाळी आमच्यावर आली, आणि ती आली आमच्या आत्याबाईंमुळें.

आत्याबाईंचें वय ८४. त्यांचें बालपण कल्याणास पारनाक्याजवळच्या एका वाड्यांत गेलें, आणि त्या वाड्याचे नियम त्यांनीं डोंबिवलीच्या चवथ्या मजल्यावरही सोडले नाहींत. अळंबें हा त्यांच्या दृष्टीनें खाण्याचा पदार्थच नव्हता. पावसाळ्यांत परसांत कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या म्हणजे त्या काठीनें पाडावयाच्या, हाताला लागल्या तर हात धुवावयाचे, एवढाच त्यांचा त्या वस्तूशीं संबंध.

यांत आत्याबाईंचा एकटीचा हट्ट नव्हता. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लसूण, कांदा आणि अळंबें यांस एकाच श्लोकांत बसवून द्विजांस वर्ज्य ठरविलें आहे. गंमत अशी कीं, त्यांपैकीं कांद्यास आम्हीं केव्हांच अभय देऊन टाकलें. इतकेंच नव्हे, तर चातुर्मासांत तो सोडावयाचा म्हणून त्यापूर्वीं, आषाढ शुद्ध नवमीस, त्याचीं भजीं पोटभर खाण्याची कांदेनवमी काढली. अळंब्याची बाजू घेण्यास मात्र कोणी पुढें आलें नाहीं. वैद्यकाची दृष्टि निराळी होती. सुश्रुतानें शाकवर्गांत अळंब्यांस जागा देऊन, तीं कशावर उगवतात त्यावरून त्यांचे भेद केले: पेंढ्यावरचें, उसावरचें, शेणावरचें, वेळूवरचें आणि जमिनींतलें. यांतील पेंढ्यावरच्यास त्यानें गोड म्हटलें आहे. आज बाजारांत धिंगरी या नांवानें जें शिंपल्याच्या आकाराचें अळंबें येतें, तें भाताच्या पेंढ्यावरच वाढवितात. शास्त्रज्ञांनीं तर पुढें या सर्व मंडळीस वनस्पतींतूनही वेगळें काढलें. १९६९ सालीं व्हिटेकर नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें सजीवांचीं पांच राज्यें मांडलीं, त्यांत कवकांस त्यांचें स्वतंत्र राज्य मिळालें. हें आम्हीं आत्याबाईंस सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "म्हणजे भाजीही नव्हे आणि मांसही नव्हे. मग मीं तें कोणत्या खात्यांत घालावें?"

परंतु गेल्या वर्षापासून आत्याबाईंचें वजन उतरूं लागलें. दंड सैल पडले, खुर्चीवरून उठतांना हाताचा आधार लागूं लागला. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, रोग असा कांहीं नाहीं. खाण्यांत प्रथिनें कमी पडत आहेत आणि त्यामुळें स्नायू झिजत आहेत. अंड्याचें नांव घेणेंही आमच्या घरीं शक्य नव्हतें. तेव्हां आमचा नातू, वय वर्षें १४, पुढें झाला. अळंबें म्हणजे शाकाहाऱ्यांचें मांस, असें त्यानें कोठेंसें ऐकलें होतें. तो आत्याबाईंच्या पायांशीं बसून म्हणाला, "आत्याआजी, औषध म्हणून खा." ८४ वर्षांचा नियम जो मनूच्या जोरावर टिकला होता, तो या एका वाक्यानें मोडला. सूनबाईंनीं पहिल्या दिवशीं मुद्दाम भजीं केलीं, कारण उकडलेलें अळंबें त्यांच्या घशाखालीं उतरतें ना. त्यांनीं डोळे मिटून एक खाल्लें, मग डोळे उघडून दुसरें खाल्लें.

त्यानंतर आठवड्यांतून तीन वेळां भजीं होऊं लागलीं. आत्याबाई श्रद्धेनें सहा-सात खात आणि रात्रीं पानावर बसून म्हणत, "आज औषध झालें आहे, आतां फक्त ताकभात." मुगाचें वरण गेलें, रात्रींचें दूध गेलें. घरांतील सर्वांस समाधान होतें कीं, म्हातारीच्या पोटांत प्रथिन जात आहे.

आमची सारी नोकरी हिशेबाच्या खात्यांत गेली. कोणताही दावा वहींतल्या दोन रकान्यांतून गेल्यावांचून आमच्या गळीं उतरत नाहीं. म्हणून एका शनिवारीं आम्हीं स्वयंपाकघरांतील काटा मागून घेतला आणि कढईपाशीं पाट मांडून बसलों. आमच्या सौभाग्यवतींनीं या प्रकाराकडे ज्या नजरेनें पाहिलें तिचें वर्णन येथें नको.

पांढऱ्या बटन अळंब्यांचा २०० ग्रॅमचा एक डबा होता. आतां अळंब्यांत काय असतें तें पाहूं. १०० ग्रॅम ताज्या अळंब्यांत सुमारें ९२ ग्रॅम पाणी. उरलेल्या ८ ग्रॅमांत प्रथिन सुमारें ३ ग्रॅम, तितकेंच किंवा किंचित् अधिक पिष्टमय द्रव्य नि तंतु, आणि स्निग्धांश जवळजवळ नाहींच. यांतून उष्णता मिळते ती २२ उष्मांक, ज्यांस डॉक्टर कॅलरी म्हणतात. वजन उतरवूं पाहणारांस हा आंकडा सुखाचा वाटेल. वजन वाढवूं पाहणाऱ्या आत्याबाईंच्या तो काय कामाचा? म्हणजे डबाभर अळंब्यांत प्रथिन झालें ६ ग्रॅम आणि उष्मांक ४४. सूनबाईंनीं १०० ग्रॅम बेसन कालविलें. त्यांत प्रथिन सुमारें २२ ग्रॅम आणि उष्मांक ३७० च्या आसपास. कढईंत ४०० ग्रॅम तेल मोजून ओतलें. तळण संपल्यावर तेल निववून, गाळून पुन्हां तोललें, तें भरलें ३४०. झाऱ्यास, कढईस आणि कागदास लागलेलें १० ग्रॅम वजा टाकलें, तरी ५० ग्रॅम तेल भज्यांच्या पोटांत गेलें. तेलाच्या एका ग्रॅमास ९ उष्मांक. म्हणजे तेलाचे झाले ४५०.

एकंदर बेरीज ८६४. त्यांत ज्याच्या नांवानें पदार्थ ओळखला जातो त्या अळंब्यांचा वांटा शंभरांत पांच! अर्ध्याहून अधिक वांटा एकट्या तेलाचा. आमच्या घरीं माणसें सहा. सारख्या वांटणीनें प्रत्येकाच्या वांट्यास भज्यांतून प्रथिन आलें तें पावणेपांच ग्रॅमांच्या आंत, आणि त्यांत अळंब्यांचें केवळ १ ग्रॅम. बाकीचें सारें त्या बिचाऱ्या बेसनाचें, ज्याचें नांव कोणी घेत नाहीं. हा आमच्या घरचा एका संध्याकाळचा हिशेब. दुसऱ्या कोणाच्या कढईंत तो थोडा इकडे तिकडे होईल, परंतु त्याचें तोंड दुसऱ्या दिशेस वळेलसें वाटत नाहीं.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मतें प्रौढ माणसास दररोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागें ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतें. आत्याबाईंचें वजन ४८ किलो; तेव्हां त्यांची गरज ४० ग्रॅमांची. ती केवळ अळंब्यांवर भागवावयाची म्हटली, तर रोज सव्वा किलोहून अधिक अळंबीं खावीं लागतील. त्यांनीं सोडलेल्या पेलाभर दुधांत ६ ते ७ ग्रॅम प्रथिन होतें, आणि मुगाच्या वरणांतलें निराळें. औषधाच्या नांवाखालीं त्या रोज जेवणच गमावीत होत्या. त्याच संस्थेनें २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारांत वरचें तेल-तूप सारें मिळून २७ ग्रॅम सांगितलें आहे. भज्यांच्या एका बशींतच त्यांतील ८ ग्रॅमांहून अधिक संपतें. आणि जो दोन बशा खातो त्याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. आमच्या नातवाचा आम्हीं केला नाहीं.

मग अळंबें निरुपयोगी आहे काय? मुळींच नाहीं. त्याचा गुण भलत्या ठिकाणीं शोधला जातो, एवढेंच. ब जीवनसत्त्वांपैकीं रिबोफ्लेविन आणि नायसिन हीं त्यांत चांगल्या प्रमाणांत आहेत. तांबें, सेलेनियम आणि पोटॅशियम आहेत. मीठ जवळजवळ नाहीं. मात्र ब-१२ साठीं त्यावर भरंवसा ठेवूं नये. शाकाहारी घरांत त्याची उणीव फार आढळते आणि अळंबीं ती भरून काढतात असा समज पसरला आहे, पण बटन अळंब्यांत तें नांवापुरतेंच असतें. ड जीवनसत्त्वाची गोष्ट मात्र खरोखर नवलाची आहे. अळंब्यांत एर्गोस्टेरॉल नांवाचें द्रव्य असतें, आणि उन्हांतील अतिनील किरण लागतांच त्याचें ड जीवनसत्त्व होऊं लागतें. ताजीं अळंबीं चिरून दुपारच्या उन्हांत पंधरा मिनिटें ते तासभर ठेवलीं, तर तें चांगल्यापैकीं तयार होतें. बंद खोल्यांत वाढलेलीं आणि प्लास्टिकच्या डब्यांत आलेलीं अळंबीं या देणगीस पारखीं असतात; सकाळच्या अंधारांत गाडी पकडून संध्याकाळीं परतणाऱ्या आमच्या डोंबिवलीकरांसारखीच.

आतां तळणाकडे वळूं, कारण येथें गृहिणीच्या हातांत पुष्कळ कांहीं आहे. १७०-१८० अंश तापलेल्या तेलांत भजें पडलें म्हणजे आंतलें पाणी वाफ होऊन बाहेर धांवतें. ते बुडबुडे त्याचेच. वाफ जोंवर जोरानें बाहेर येत असते, तोंवर तेलास आंत शिरण्यास फारसा वाव नसतो. खरा घोटाळा होतो भजें बाहेर काढल्यावर. तें निवूं लागतें, आंतली वाफ आटते, पोकळी होते, आणि वर चिकटलेलें तेल ती पोकळी शोषून घेते. म्हणून भजें कढईच्या कांठावरच झाऱ्यानें झटकून ताबडतोब जाळीवर पसरावें. एकावर एक ढीग करूं नये. तेल पुरेसें तापलेलें नसेल किंवा एका घाण्यांत फार भजीं सोडलीं असतील, तर तीं मऊ नि तेलकट होतात, हें आमच्या भगिनींस आम्हीं सांगावयास नको. अळंबीं धुऊन कोरडीं पुसावीं, आणि मीठ पिठांतच घालावें. अळंब्यांवर टाकल्यास त्यांस पाणी सुटतें, पीठ सैल होतें आणि मग तें तेल पितें. वर्तमानपत्राचा कागद तर कटाक्षानें टाळावा. शाईंतील द्रव्यें अन्नांत उतरतात म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानें २०१६ सालींच त्याविषयीं इशारा दिला आहे. त्याच प्राधिकरणानें २०१८ च्या जुलैपासून तळणाचें तेल किती वेळां वापरावें यासही बंधन घातलें: वारंवार तापून त्यांतील ध्रुवीय संयुगें शंभरांत पंचविसांच्या वर गेलीं कीं तें तेल टाकून द्यावें. बाहेरच्या कढईंतलें तेल कितवें आहे हें गिऱ्हाइकास कसें कळावें? त्यांतून बाहेरच्या आवरणांत बेसन क्वचितच. मैदा आणि मक्याचें पीठ. म्हणजे जें थोडें प्रथिन घरच्या भज्यांत होतें, तेंही तेथें घटलें.

२०१७ सालीं स्पेन देशांतील ला रिओहा प्रांतांतल्या संशोधकांनीं चार जातींचीं अळंबीं उकडून, भाजून, तळून आणि मायक्रोवेव्हच्या भट्टींत शिजवून तपासलीं. तळल्यानें स्निग्धांश नि उष्मांक वाढले, प्रथिन घटलें. उकडल्यानेंही कांहीं गुण पाण्यांत गेले. भाजणें आणि मायक्रोवेव्ह या दोन रीति त्यांस सर्वांत हितकर आढळल्या. आमच्या शनिवारच्या काट्यानें सांगितलें त्याहून हें फार निराळें नाहीं.

तळणाविषयींच्या आणखी एका समजुतीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती जिवावर बेतणारी आहे. श्रावणाच्या सुमारास मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बाया रानभाज्या घेऊन कल्याणच्या बाजारांत बसतात. टाकळा, कुर्डू, करटुलीं यांच्याबरोबर कधीं वारुळावरचीं अळंबींही पानांवर मांडलेलीं असतात. वाळवी आपल्या वारुळांत ज्या बुरशीची शेती करते, तिलाच पावसांत हीं छत्रीं येतात. त्या बायांचें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचें. कोठल्या वारुळावर, कोठल्या पावसानंतर, काय उगवतें हें त्या जाणतात. परंतु तें पाहून आपणही टिटवाळ्याच्या माळावर सहलीस गेलों असतां छत्र्या गोळा कराव्या, आणि 'कडकडीत तळलें म्हणजे विष जळतें' असें म्हणावें, हें अत्यंत घातक आहे. सर्वांत भयंकर अळंब्यांचें विष उकडून जात नाहीं आणि तळूनही जात नाहीं. खाल्ल्यावर सहा-बारा तास माणूस ठणठणीत असतो. मग ओकाऱ्या नि जुलाब, मध्यंतरीं फसवा उतार, आणि तोंवर यकृताचा नाश सुरू झालेला असतो. चांदीचें नाणें काळें पडतें, किडे लागलेलें अळंबें निर्विष असतें, या साऱ्या परीक्षा खोट्या. ज्यास अळंबें ओळखतां येत नाहीं त्यानें तें उचलूं नये. आम्हांस येत नाहीं, म्हणून आम्ही उचलत नाहीं.

असो. हिशेब तर झाला. तो आत्याबाईंस सांगावयाचा कसा, हाच मोठा प्रश्न होता. ज्या बाईनें औषध म्हणून जन्माचा नियम मोडला, तिला 'हें औषध नव्हतें' असें सांगणें म्हणजे काय, हें वाचकांनींच मनांत आणून पाहावें. चिरंजीवांचें मत पडलें कीं सांगूंच नये, गुपचूप भजीं कमी करावीं. सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यांचा नियम त्यांचा, त्यांना कळलें पाहिजे." आम्हांसही तेंच योग्य वाटलें. रविवारीं सकाळीं वही घेऊन आम्ही त्यांच्यापाशीं बसलों आणि तिन्ही रकाने वाचून दाखविले. नातू दाराआड उभा होता.

आत्याबाईंनीं सारें शांतपणें ऐकलें. बेसनाच्या आंकड्यावर त्यांनीं आम्हांस थांबवून तो पुन्हां वाचावयास लाविला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मला जें काय लागू पडलें तें आपलें नेहमींचें चण्याचें पीठच!" थोडा वेळ त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. नंतर दाराकडे वळून मोठ्यानें म्हणाल्या, "आंत ये रे. तुझ्यावर रागावलें नाहीं मी. औषध नसेना का, पण चांगलें लागतें तें." 

त्या दिवसापासून रात्रींचें वरण आणि दूध परत आलें. दुपारच्या ताकाबरोबर भाजलेल्या शेंगदाण्यांची चटणी आली, सकाळीं मुगाचें धिरडें आलें, आणि डॉक्टरांनीं सांगितलेलीं खुर्चीवरून उठण्या-बसण्याचीं दहा आवर्तनें नातू मोजून करवूं लागला. भजीं महिन्यांतून एकदां होतात, आणि तीं खाऊ म्हणून होतात. एरवीं धिंगरी किंवा बटन अळंबीं सूनबाई तव्यावर चमचाभर तेलांत, मिरपूड घालून परततात; ड जीवनसत्त्व अंगीं लागण्यास थोडा स्निग्धांश हवाच असतो, तो तेवढ्यानें भागतो. चातुर्मासांत आत्याबाई तींही घेत नाहींत. कांद्याबरोबर त्यांनीं अळंब्यासही नियमांत बसविलें आहे.

पाऊस उघडून आश्विनाचें ऊन तापूं लागलें आणि चातुर्मास सरला, कीं आदल्या रात्रीं आणलेलीं अळंबीं चिरून, खालची बाजू वर करून, ताटांत मांडतात. दुपारीं साडेबारास तें ताट गच्चीवर जातें. कावळ्यांसाठीं हातांत काठी घेऊन आत्याबाई त्याच्या शेजारीं बसतात, आणि त्यांच्याही अंगावर अर्धा तास ऊन पडतें.